बेल्ट काढताच कॅम फिरला: टायमिंग जागेवर कसं आणायचं आणि कसं धरून ठेवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. 2009 ची फोर्ड फिएस्टा, 1.6 पेट्रोल. गाडी कमी चालते, पण टायमिंग बेल्टची (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याची) मुदत वर्षांच्या हिशेबाने कधीच उलटली आहे, म्हणून सांगलीतल्या नेहमीच्या मेस्त्रींकडे तो बदलायला दिलीत. त्यांनी क्रँकची (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली आणि दोन्ही कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) पुल्यांवर व्हाइटनरने खुणा केल्या, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) सैल केला, बेल्ट ओढून काढला, आणि एक्झॉस्टचा कॅम ‘टक्’ करून थोडा फिरला. मेस्त्री म्हणतात, पाना लावून खुणेवर आणतो आणि नवा बेल्ट चढवतो. तुमचा चुलतभाऊ म्हणतो, या इंजिनाला लॉकिंग टूल (कॅम आणि क्रँक बरोबर जागी धरणारं साधन) लागतं, त्याशिवाय हात लावू देऊ नकोस. गाडी तशीच उघडी उभी आहे. व्हॉल्व्ह वाकले असतील का, खुणांवर भरवसा ठेवावा का, आणि कॅम हलूच नयेत म्हणून काय करतात, हे तुम्हाला हवं आहे.

सगळ्यात आधी तातडीचं. स्टार्टर मारायचा नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला ठेवा, म्हणजे गॅरेजमधल्या कुणी सवयीनं चावी फिरवली तरी काही होणार नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर न्यूट्रलला आणा. गिअरमध्ये असताना ढकलली तर क्रँक फिरतो. आणि कॅमला पाना लावण्याआधी पुढचं वाचा. मेस्त्रींचा उपाय अर्धा बरोबर आहे, पण क्रम चुकला तर आत्तापर्यंत शाबूत असलेले व्हॉल्व्ह त्याच क्षणी वाकतील.

कॅम आपोआप का फिरला ते समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (मिश्रण दाबून पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागी) असतो, तेव्हा त्याचे व्हॉल्व्ह बंद असतात. पण त्याच वेळी चार नंबरचा पिस्टनही वरच असतो आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत आलेला असतो, तर दोन नंबरचा एक्झॉस्ट उघडायला लागलेला असतो. म्हणजे एक्झॉस्ट कॅमवर चार नंबरच्या स्प्रिंगा एका बाजूने दाब देतात आणि दोन नंबरच्या उलट्या बाजूने. बेल्ट आहे तोवर ही ओढाताण दिसत नाही. बेल्ट निघाला की ज्या बाजूचा जोर जास्त, तिकडे कॅम सरकतो आणि दोन्ही दाब सारखे होतील तिथे थांबतो. यात कुणाचा हात सुटला असं नाही. कॅम धरून ठेवलेला नव्हता, एवढंच.

मग व्हॉल्व्ह वाकले का? बहुतेक नाही. फक्त स्प्रिंगच्या जोरावर कॅम थोडा सरकला आणि एखादा व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन टेकला, तरी त्या टेकण्यात वाकवण्याइतका दम नसतो. नुसत्या अशा ‘टक्’नं वाकलेला व्हॉल्व्ह मी तरी पाहिलेला नाही. वाकतात ते त्यानंतर, जेव्हा कुणीतरी लांब दांड्याचा पाना लावून ‘अडतंय’ म्हणत जोर काढतो, किंवा टायमिंग चुकलेलं असताना स्टार्टर मारतो. पुढच्या सगळ्या कामात हे एक लक्षात ठेवा: फिरवताना कुठेही अडलं की थांबायचं आणि का अडलं ते शोधायचं.

आता कॅम जागेवर आणण्याचा सुरक्षित क्रम. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात. एक आणि चार नंबरचे पिस्टन वर असताना कॅम फिरवायला गेलात तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या माथ्यावर आपटेल. म्हणून आधी क्रँक टीडीसीवरून पाव फेरा मागे फिरवायचा. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात टीडीसीपासून 90 अंशांवर चारही पिस्टन एकाच उंचीवर येतात, जवळपास अर्ध्या वाटेवर. या इंजिनाचा स्ट्रोक 81.4 मिलिमीटर आहे, म्हणजे त्या स्थितीत प्रत्येक पिस्टन वरच्या टोकापासून 40 मिलिमीटरहून जास्त खाली असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी आठ-दहा मिलिमीटरच खाली येतो. आता कॅम कसाही फिरवा, कशालाच लागणार नाही.

पाव फेरा झाला हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चारही स्पार्क प्लग काढा आणि चारही भोकांत एकाच लांबीचे लांब प्लॅस्टिक स्ट्रॉ सोडा. चारही स्ट्रॉ एकाच उंचीला आले की क्रँक बरोबर आहे. स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तो तिरका अडकला तर पिस्टन किंवा प्लगचे आटे खराब होतात. प्लग तसेही काढायचेच आहेत, कारण कॉम्प्रेशन नसलं की क्रँक हाताला हलका लागतो आणि खरा अडथळा लगेच जाणवतो.

त्यानंतर कॅम त्याच्या जागी आणायचा, धरून ठेवायचा, आणि मगच क्रँक सावकाश परत टीडीसीवर आणायचा. तुमच्या मेस्त्रींना फक्त एवढाच बदल सांगा: आधी क्रँक खाली, मग कॅम, मग क्रँक वर.

पण कॅमची ‘त्याची जागा’ कोणती? इथे तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कॅम हलू न देणं ही एक गोष्ट आणि कॅम बरोबर जागी असणं ही दुसरी. व्हाइटनरची खूण पहिल्या गोष्टीपुरती उपयोगी आहे. बेल्ट काढण्याआधी इंजिन जसं होतं तसंच ते परत जुळवून देते. आधीच्या माणसानं बेल्ट अर्धा दाता इकडे-तिकडे बसवला असेल, पुली शाफ्टवर किंचित घसरली असेल, जुना बेल्ट ताणला गेला असेल, तर खूण तीही चूक जशीच्या तशी पुढे नेते. तुमची गाडी पंधरा वर्षांहून जुनी आहे आणि तुम्ही तिचे पहिले मालक नाही. आधी बेल्ट कुणी, कसा बदलला हे तुम्हाला माहीत नाही. अशा गाडीत खुणेला मी साक्षीदार मानतो, न्यायाधीश नाही. खुणा कराव्यात, जरूर कराव्यात, पण काम पूर्ण झाल्यावर त्या जुळल्या नाहीत आणि टूल जुळलं, तर टूलचं ऐकावं.

खुणेवर काम भागतं की नाही हे इंजिनावर अवलंबून आहे, आणि बरेचसे वाद इथूनच सुरू होतात. जुन्या सँट्रोचं 1.1 लिटरचं इंजिन घ्या. एकच कॅम, पुली शाफ्टवर चावीनं (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यानं) पक्की, पुलीवर कारखान्याची खूण आणि समोर हेडवर (सिलिंडरच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागावर) तिची जोडीदार खूण. पुली शाफ्टवर एकाच जागी बसू शकते, म्हणून पुलीची खूण म्हणजेच शाफ्टची जागा. तिथे कुणी लॉकिंग टूल मागितलं तर मी उगाच खर्च म्हणेन. तुमच्या मेस्त्रींनी आयुष्यभर अशीच इंजिनं बसवली असतील तर त्यांचा हात आणि नजर दोन्ही खरी आहेत. त्यांची पद्धत या इंजिनाला पुरत नाही, इतकंच.

तुमच्या फिएस्टाच्या 1.6 इंजिनात कॅमच्या पुल्यांना चावी नाही. बोल्टच्या दाबावर पुली शाफ्टला धरून राहते. बोल्ट सैल केला की पुली शाफ्टवर मोकळी फिरते, मग पुलीवरची खूण शाफ्टबद्दल काहीच सांगत नाही. क्रँकच्या पुढच्या टोकालाही हाच प्रकार आहे. बनवणाऱ्यानं हे मुद्दाम असं ठेवलंय, कारण हे इंजिन पुल्यांवरून नाही, तर थेट शाफ्टवरून जुळवायचं आहे. डस्टर 1.6 पेट्रोलचंही असंच आहे: दोन कॅम, चावी नसलेल्या पुल्या, आणि कॅमच्या गिअरबॉक्सकडच्या टोकांना खाचा. त्या खाचा बघायला हेडच्या टोकाची दोन प्लॅस्टिकची झाकणं फोडून काढावी लागतात आणि नवीन बसवावी लागतात. डस्टरच्या डिझेलला एकच कॅम असून त्याच्या पुलीतून हेडमध्ये पिन जाते. व्हेंटो-रॅपिडच्या कॉमन रेल डिझेलमध्ये कॅम दोन असले तरी बेल्ट एकालाच फिरवतो आणि दुसरा आतून गिअरने जोडलेला असतो, म्हणून तिथे दोन कॅम एकमेकांपासून सरकण्याची भीतीच नाही. एका हबला पिन लावली की झालं. म्हणून एका गाडीवर शिकलेली पद्धत दुसऱ्या गाडीला लावू नये. आधी एवढंच विचारावं: पुली शाफ्टला चावीनं बांधलेली आहे की नुसत्या बोल्टनं?

तुमच्या इंजिनाला दोन साधी टूल्स लागतात. पहिलं, 5 मिलिमीटर जाडीची सरळ पट्टी. टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढलं की गिअरबॉक्सकडच्या टोकाला दोन्ही कॅममध्ये आडव्या खाचा दिसतात. कॅम बरोबर जागी असले तर ही एकच पट्टी दोन्ही खाचांतून आरपार जाते आणि हेडच्या वरच्या पृष्ठभागावर सपाट टेकते. दुसरं, ब्लॉकला बाजूने आत जाणारी टीडीसीची पिन. तिच्या जागी एरवी एक प्लग बसवलेला असतो. पिन आत घातल्यावर क्रँक हाताने सावकाश फिरवत नेला की क्रँकचा वेब (दांड्याचा बाजूला आलेला जाड भाग) पिनेवर येऊन थांबतो. तीच टीडीसी.

पट्टीबद्दल एक सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी लोखंडी 5 एमएम पट्टी तशीच वापरू नका. तिची जाडी एकसारखी नसते, वर भट्टीची खपली असते, आणि ती किंचित वाकडीही असू शकते. अशी पट्टी खाचेत ढिली बसली तर कॅमला एक-दोन अंश फिरायला जागा मिळते, आणि घट्ट झाली तर माणूस हातोडीनं ठोकून बसवतो. तयार किट मागवा किंवा लेथवाल्याकडून नेमक्या मापाला ग्राइंड करून घ्या. फोर्डनं 2021 मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून या गाड्या मोठ्या संख्येनं गल्लीतल्या गॅरेजांत येऊ लागल्या आहेत. या इंजिनाचं किट घेऊन ठेवलं तर मेस्त्रींना ते पुढेही कामाला येईल, हे त्यांना नक्की सांगा. एका हेडच्या कामाच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

पिनेबद्दल एक गैरसमज फार आहे. ही पिन क्रँकला लॉक करत नाही. ती एका दिशेनं अडवते, पण क्रँक मागे फिरू शकतो. त्यामुळे पट्टी आणि पिन बसवून झाल्यावरही अधूनमधून क्रँक हलकेच पुढे दाबून, वेब पिनेला टेकलाय ना हे बघायचं. आणि क्रँकचा मोठा बोल्ट उघडायला किंवा कसायला त्या पिनेचा आधार कधीच घ्यायचा नाही. तो बोल्ट फार मोठ्या टॉर्कला कसलेला असतो. पिन वाकते किंवा ब्लॉकचे आटे जातात. बोल्टसाठी पुली किंवा फ्लायव्हील वेगळं धरावं लागतं. हाच नियम कॅमच्या बाजूलाही आहे: पुलीचा बोल्ट उघडताना किंवा कसताना पट्टीनं कॅम धरू नये, पुलीला धरणारा वेगळा पाना लावावा. पट्टीवर जोर आला की खाचेची धार चुरगळते आणि पुढच्या वेळी तीच खाच चुकीची जागा दाखवते. पुलीचं होल्डिंग टूल नसेल तर दोन लांब पट्ट्यांना नटबोल्ट लावून ते गॅरेजमध्येच तयार करता येतं.

पट्टी खाचांत जातच नसेल तर घाबरू नका. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणून क्रँकला टीडीसी दोनदा मिळते: एकदा एक नंबरच्या कॉम्प्रेशनची, एकदा चार नंबरच्या. खाचा कॅमच्या मध्यापासून किंचित बाजूला कापलेल्या असल्यानं पट्टी दोनांपैकी एकाच वेळी बसते. बेल्ट जोडलेला असताना पट्टी बसली नाही तर पिन काढून क्रँक एक पूर्ण फेरा फिरवावा आणि पुन्हा बघावं. पण तुमचा बेल्ट निघालेला आहे, त्यामुळे तुम्ही आता हे करू नका. क्रँक पाव फेरा मागे नेऊन, दोन्ही कॅम एकेक करून पट्टी बसेल तिथे आणा. कॅम फिरवायला शाफ्टवर पान्यासाठी सपाट कडा असेल तर तिथेच पाना लावावा, पुलीच्या बोल्टवर नाही. बोल्ट उलट फिरवला तर तो सैल होईल आणि पुली शाफ्टवर घसरेल.

आता बेल्ट चढवण्याचा भाग. पुल्यांचे बोल्ट का सैल करायचे हे लोकांना पटत नाही, म्हणून नीट सांगतो. दोन्ही कॅम पट्टीनं धरलेत, क्रँक पिनेला टेकलाय. आता नवा बेल्ट दात्यांत बसवायचा. बेल्टचा दाता आणि पुलीची खाच नेमकी समोरासमोर येईलच असं नाही. अर्धा दाता इकडे-तिकडे राहतोच. पुल्या घट्ट असतील तर बेल्ट बसवायला काहीतरी ओढावं लागतं, आणि ते ओढणं म्हणजे पट्टीवर जोर किंवा बेल्टच्या एका भागात ढिलाई. पुल्यांचे बोल्ट पुली हाताने फिरेल पण डगमगणार नाही इतके सैल ठेवले, तर शाफ्ट जागचे हलत नाहीत, पुल्या मात्र बेल्टसोबत स्वतःची जागा शोधतात. मग टेन्शनर लावला की सगळा ताण सारखा पसरतो. बोल्ट कसायचे ते त्यानंतर.

बेल्ट क्रँकपासून सुरू करा आणि आधी ती बाजू पूर्ण करा जिथे टेन्शनर नाही. इंजिन चालताना क्रँक याच बाजूनं बेल्ट ओढतो, म्हणून या बाजूत थोडीही ढिलाई राहता कामा नये. मग पहिला कॅम, दुसरा कॅम, आणि शेवटी टेन्शनरची बाजू. सगळी उरलेली ढिलाई टेन्शनरकडे आली की ती टेन्शनर खाऊन टाकतो. उलट क्रमानं बेल्ट चढवला तर ढिलाई ओढणाऱ्या बाजूला अडकते. टेन्शनर लावल्यावर ती निघून जाते, पण निघताना कॅम एखादा दाता सरकवून जाते. ‘खुणा तर जुळल्या होत्या’ असं म्हणणाऱ्यांच्या इंजिनात मला बहुतेक वेळा हेच सापडतं. टेन्शनर इंजिन थंड असतानाच लावायचा. त्यावर काटा असेल तर तो खाचेसमोर आणून नट कसायचा.

पुल्यांचे बोल्ट टॉर्क पान्यानं, पुली वेगळ्या टूलनं धरून कसा. क्रँकचा बोल्ट नवीनच घ्या. तो ताणला जाईल इतका कसायचा असल्यानं एकदाच वापरायचा असतो. चावी नसलेल्या इंजिनात या बोल्टवरच सगळं टायमिंग टिकून असतं. जुना बोल्ट पुन्हा वापरला आणि तो किंचित ढिला राहिला, तर टायमिंग चालत्या गाडीत घसरेल.

यानंतरचा भाग वेळ नाही म्हणून सगळ्यात जास्त वेळा टाळला जातो, आणि माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पट्टी काढा. पिन काढा. पिन विसरली तर पुढच्याच फेऱ्यात ती वाकेल. मग रॅचेट लावून क्रँक घड्याळाच्या दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, सावकाश. फिरवायचं क्रँकवरूनच, कॅमच्या बोल्टवरून कधीच नाही. दोन फेरे म्हणजे कॅमचा एक फेरा. सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद होतात. वाटेत कुठे कडक अडथळा लागला तर तिथेच थांबा. दोन फेरे झाले की पिन पुन्हा घाला, क्रँक हलकेच टेकवा, पट्टी पुन्हा घाला. पट्टी बोटांनी सहज सरकली पाहिजे. एकाच कॅममध्ये बसतेय, दुसऱ्याला ठोकावी लागतेय, तर त्या कॅमचा बोल्ट सैल करून तेवढाच भाग पुन्हा करा. ‘चालेल, अर्धा मिलिमीटर आहे’ असं म्हणू नका. कव्हर उघडं आहे तोवर ही दुरुस्ती मिनिटांची आहे, नंतर ती दिवसाची होते.

बेल्टवर कारखान्याच्या छापील रेषा असतील आणि दोन फेऱ्यांनंतर त्या पुल्यांसमोर आल्या नाहीत, तर ते बरोबरच आहे. बेल्टच्या दात्यांची संख्या क्रँकच्या दोन फेऱ्यांत नेमकी बसत नाही, म्हणून त्या रेषा खूप फेऱ्यांनंतरच पुन्हा जागेवर येतात. त्या फक्त बसवतानाच्या सोयीसाठी आहेत. त्या जुळाव्यात म्हणून काहीजण चांगला बसलेला बेल्ट पुन्हा काढतात. तुम्ही काढू नका.

एक दाता चुकला तर किती फरक पडतो, असंही तुम्ही विचारलंय. समजा कॅमच्या पुलीला 40 दाते आहेत. मग एक दाता म्हणजे कॅमचे 9 अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो म्हणून क्रँकचे 18 अंश. एका दात्यानं सहसा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही, पण इंजिन ओढत नाही, आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना) थरथरतं, पेट्रोल जास्त खातं. कॅम सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्यांत पी 0016 हा कोड येतो, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचं गणित संगणकाला जुळत नाही. दोन-तीन दाते चुकले तर मात्र लागण्याची भीती खरी आहे. एक दाता चुकलेली गाडी सुरू होते, रस्त्यावर जातेही, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते आणि तिचा दोष प्लग, इंजेक्टर, पेट्रोल पंप अशा सगळ्यांवर जातो.

एक जुगाड तुम्हाला कुणीतरी सांगेलच: जुना बेल्ट उभा अर्धा कापायचा, नवा बेल्ट अर्ध्यावर सरकवायचा, मग जुना अर्धा कापून काढायचा, म्हणजे कॅम हलतच नाही. तुमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे, पण पुढच्यासाठी सांगतो. चावीच्या पुल्यांवर हे चालून जातं. तरी मी करत नाही, कारण अशानं टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी चाकी) जुनेच राहतात, आणि बेल्टपेक्षा बेअरिंग आधी गेल्यामुळे तुटलेले बेल्ट मी बरेच पाहिले आहेत. शिवाय आधीची चूक असेल तर तीही तशीच राहते.

इकोस्पोर्टच्या सुरुवातीच्या 1.5 पेट्रोलमध्ये याच इंजिनाची पुढची आवृत्ती आहे, तिच्यात कॅमच्या पुढे व्हेरिएबल टायमिंगचे फेझर (चालत्या इंजिनात कॅम थोडे पुढे-मागे करणारे भाग) आहेत. तिथे पट्टीनं कॅम धरला तरी पुलीचा बाहेरचा भाग आतल्या भागावर सरकू शकतो. म्हणून फेझर त्याच्या लॉकच्या जागी आहे का हे वेगळं बघावं लागतं, आणि बाहेरच्या खुणांनाही तिथे महत्त्व येतं. त्या गाडीवर ही वरची पद्धत जशीच्या तशी वापरू नका.

मेस्त्रींना सांगायचा क्रम एका दमात देतो, कागदावर उतरवून द्या: प्लग काढा, क्रँक पाव फेरा मागे, कॅम पट्टीवर, क्रँक वर येऊन पिनेला टेकवा, पुल्या मोकळ्या, ओढणाऱ्या बाजूनं बेल्ट, टेन्शनर, पुल्या कसा, टूल काढा, हातानं दोन फेरे, टूल पुन्हा घालून बघा.

हे जुळलं की सुरू करण्याआधी एक काम राहतं. प्लग बाहेर आहेतच, तर इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी काढून स्टार्टरवर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत एकमेकांजवळ असतील तर व्हॉल्व्ह शाबूत आहेत. एखादा एकटाच खूप खाली असेल, आणि प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकूनही वाढत नसेल, तर तो व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये आणि हेड खोलावं लागेल. ते कव्हर लावण्याआधी कळलेलं बरं.

गाडी सुरू झाल्यावर व्हॅक्यूम गेज असेल तर आयडलला लावा. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन 17 ते 21 इंच पारा दाखवतं आणि दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतो. सांगली 550 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे तुमच्याकडे 15 ते 19 बघा. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर कॅम उशिरा चाललाय असा संशय घ्यायचा.

बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर नवीन टाका. कॅमच्या किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल तर तेही आत्ताच बदला, कारण तेल लागलेला रबरी बेल्ट मुदतीआधी जातो. टॅपेट कव्हर काढलंच आहे, तर त्याचं गॅस्केटही. खालचं प्लॅस्टिक कव्हर फुटकं असेल तर ते तसंच परत लावू नका. आपल्याकडच्या पावसात तिथून चिखल आणि बारीक खडे आत जातात, आणि एक खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये आला तर बेल्ट दाता सोडतो. नवीन कव्हर मिळत नसेल तर जुन्या गाड्यांच्या बाजारातून शाबूत मिळतं.

कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि दुसऱ्यांदा पट्टी बसलेली दिसेल असा फोटो टाका, म्हणजे पुढचं सांगता येईल.